वायरमन, तुमचा नंबर आमच्या भिंतीवर लिहून जा

महाराष्ट्रातल्या सगळ्या वायरमन दादांना आणि ताईंना,



महावितरणच्या कागदावर तुम्ही ‘जनमित्र’ आहात, पण गावात तुम्हाला वायरमन म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. मी सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी. पुण्यात शाळेत शिकवते, पण दिवाळी आणि मे महिना अजून गिरणीतच जातो. गिरणीवाल्याच्या घरात डॉक्टरच्या आधी वायरमनचा नंबर पाठ होतो. एक फेज उडाला की मोटर गुरगुरायला लागते. आण्णा, म्हणजे माझे वडील, आधी स्टार्टर बंद करतात, मग पट्टा उतरवतात आणि तिसरं काम तुम्हाला फोन.

२०१९च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आमच्या गिरणीत छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही खोऱ्यानं चिखल ओढत असताना तुमच्यातला एक जण मांडीएवढ्या गाळातून डीपीकडे निघालेला मी पाहिला. तो आमच्या भागातला नव्हता, दुसऱ्या जिल्ह्यातून मदतीला आलेला होता. तिसऱ्या दिवशी गावात दिवे लागले. जाताना त्यानं आण्णांना स्वतःचा मोबाइल नंबर दिला, ‘काही लागलं तर सांगा’ म्हणाला. आण्णांच्या फोनमध्ये तो नंबर अजून ‘वायरमन पूर’ या नावानं आहे. त्याच्या खाली आणखी चार वायरमन आहेत. ज्यांची बदली झाली त्यांचेही नंबर आण्णांनी काढून टाकलेले नाहीत.

हे सगळं तुम्हाला सांगण्याचं कारण असं की आण्णांची जी फसवणूक झाली, ती या विश्वासाच्या आधारानं झाली. तुम्ही कमावलेला विश्वास चोरानं वापरला. त्यामुळे यावर बोलायचं तर तुमच्याशीच बोलावं असं मला वाटलं.

२०२२ची दिवाळी. वसुबारस दोन दिवसांवर होती. गिरणीवाल्याला वर्षातले हेच आठ-दहा दिवस खरे. चकलीच्या भाजणीचे डबे, अनारशाचे तांदूळ, बेसनासाठी हरभऱ्याची डाळ. डब्यांची रांग दारापासून रस्त्यापर्यंत, प्रत्येक डब्यावर खडूनं नाव. भाजणी दळली की जातं पुसून घ्यायचं, मग डाळ, त्यात तांदळाची कणी जाता कामा नये, असा सगळा हिशोब आण्णांच्या डोक्यात. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांच्या फोनवर मेसेज आला. इंग्रजीत. ‘डिअर कन्झ्युमर, युवर इलेक्ट्रिसिटी पॉवर विल बी डिस्कनेक्टेड टुनाइट अ‍ॅट ९.३० पीएम.’ पुढे कारण दिलेलं होतं, की मागच्या महिन्याचं बिल ‘नॉट अपडेट’ आहे. खाली ‘इलेक्ट्रिसिटी ऑफिसर’चा मोबाइल नंबर आणि ताबडतोब फोन करण्याची सूचना. मेसेज आला होता तोही एका साध्या दहा आकडी नंबरावरून, तुमच्या-माझ्या नंबरासारख्या.

आण्णांना इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचता येतात. ‘टुनाइट’, ‘९.३०’ आणि ‘डिस्कनेक्टेड’ एवढं त्यांना कळलं. बिल थकलेलं नव्हतं. गिरणीचं बिल ते आठवड्याच्या आत पतसंस्थेच्या काउंटरवर भरतात आणि पावती भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवतात. त्यांनी तारेवरची वरची पावती काढली, हाताचं पीठ टॉवेलला पुसलं आणि त्या ऑफिसरला फोन लावला.

पलीकडचा माणूस हिंदी बोलत होता, अगदी सभ्यपणे. आण्णांनी बिल भरल्याचं सांगितलं, पावतीचा नंबर वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘हाँ, पेमेंट दिख रहा है. सिर्फ सिस्टीम में अपडेट नहीं हुआ.’ हे एक वाक्य मी पुढे कित्येक दिवस मनात घोळवलं. त्यानं आण्णांना खोटं पाडलं नाही. तुम्ही पैसे भरलेत, तुमचं बरोबर आहे, मशीनचं चुकलंय, असं म्हणाला. बिल थकवणाऱ्याला असा मेसेज आला तर तो फोन खिशात टाकेल, कारण नोटिसा त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. जो वेळेवर भरतो, ज्याच्या दारात आजवर कधी कोणी लाईट तोडायला आलेलं नाही, त्याच्या पोटात गोळा येतो. मेसेजमध्ये ‘बिल भरलेलं नाही’ असं न लिहिता ‘अपडेट नाही’ असं लिहिलेलं असतं, ते याच माणसासाठी.

मग त्यानं एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं. दुकानात न जाता कॉम्प्युटरवाला लांबून आपला पडदा बघून दुरुस्ती करतो ना, तसलं अ‍ॅप. अ‍ॅप खोटं नव्हतं, लोक कामासाठी वापरतात तेच होतं. त्यावर आलेला आकडा आण्णांनी वाचून दाखवला आणि तिथून पुढे त्यांच्या फोनवर जे दिसत होतं ते त्या माणसालाही दिसत होतं. आण्णांना हे माहीत नव्हतं. त्यानं एक लिंक पाठवली. तिच्यावर वीज कंपनीचं चिन्ह, खाली दहा रुपये भरायचा रकाना. ‘दहा रुपये भरा, म्हणजे मागचं पेमेंट अपडेट होईल.’ दहा रुपयांत काय जाणार, असं आण्णांना वाटलं. डेबिट कार्डावरचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे त्यांनी भरले. बँकेचा ओटीपी आला तो त्यांनी कोणाला सांगितला नाही. त्याची गरजच नव्हती, तो पडद्यावर दिसतच होता. १९,९९९ रुपये. पुन्हा १९,९९९. मग ५,०००. एवढं होईपर्यंत बाहेर रांगेतल्या बायका ‘आण्णा, आमची डाळ कधी लावताय?’ म्हणून हाका मारत होत्या.

आण्णांनी फोन बंद करून खिशात ठेवला आणि रात्री अकरापर्यंत दळणं दळली. साडेनऊला लाईट गेली नाही. आई म्हणते, त्या वेळी ते एकदा बाहेर येऊन खांबाकडे बघून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी ९,५०० गेले. ५४,४९८ रुपये झाले.

आम्हाला कळलं ते लक्ष्मीपूजनाला. पूजेत दरवर्षी गिरणीची वही आणि बँकेचं पासबुक असतं. त्या वर्षी पासबुक नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, ‘राहू दे या वर्षी.’ चौथ्यांदा विचारल्यावर पाटावर बसलेलेच खाली बघून सांगायला लागले. तोवर पाच दिवस उलटून गेले होते.

त्या वेळी माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं ते मला इथे लिहावंसं वाटत नाही. त्यात ‘कसं काय’ होतं. ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते आलं नसतं तर मी हे पत्र कदाचित लिहिलंही नसतं.

तर, त्यांनी विश्वास कसा काय ठेवला? नंबर ओळखीचा नव्हता, भाषा आपली नव्हती. तुमच्यातल्या कुणाला तरी फोन करून विचारता आलं असतं. मी त्यांना हे नंतर शांतपणे, उत्तर देता येईल अशा वेळी विचारलं. ते म्हणाले, ‘वायरमन बदलला की नवीन नंबरावरूनच फोन येतो की.’

खरंच की. तुमची बदली होते, नवा माणूस येतो आणि गावाला कळतं ते अशा फोननंच: ‘काका, मी नवीन वायरमन बोलतोय, हा नंबर सेव्ह करून ठेवा.’ आम्ही सेव्ह करतो. लाईनचं काम असलं की ग्रुपवर तुमच्याच नंबरावरून मेसेज येतो, की उद्या दहा ते चार सप्लाय बंद. तोही दहा आकडी. शहरात वीज कंपनी म्हणजे एक अ‍ॅप नाहीतर काउंटरची खिडकी. खेड्यात ती एक माणूस असते, आणि त्या माणसाचा नंबर त्याचा स्वतःचा असतो. अनोळखी स्थानिक नंबरावरून ‘मी लाईट ऑफिसातून बोलतोय’ असं सांगणारा फोन आमच्याकडे संशयाचा नाहीच, रोजच्यातला आहे. यात तुमची चूक नाही. उलट स्वतःचा फोन, स्वतःचं रिचार्ज, रात्री-बेरात्री जेवत्या ताटावरून उठणं, असं तुम्ही गावासाठी जे केलंत त्यातूनच ही सवय पडली आहे. चोरानं ती ओळखली. हिंदी बोलणारा म्हणजे वरच्या ऑफिसातला मोठा साहेब असणार, एवढा हिशोब आण्णांनी आपणहून केला.

पोलिसांनी नंतर सांगितलं की ते सिमकार्ड दुसऱ्याच एका जिल्ह्यातल्या मजुराच्या नावावर होतं आणि त्याला याचा पत्ताही नव्हता. हे कसं होतं तेही कळलं. बाजारात छत्री लावून सिम विकणाऱ्यांपैकी एखादा ‘अंगठा नीट उठला नाही, परत लावा’ म्हणतो. पहिल्या अंगठ्यावर एक कार्ड निघतं, दुसऱ्यावर दुसरं. एक गिऱ्हाइकाच्या हातात जातं, दुसरं गठ्ठ्यानं विकलं जातं आणि शेकडो किलोमीटरवर जाऊन चालू होतं. म्हणजे नंबर इथला, पण बोलणारा इथला असेलच असं नाही. नंबराच्या आकड्यांवरून माणसाचं गाव ओळखायचे दिवस गेले. दुसऱ्याच्या नावावर फसवून सिम घेतलं तर २०२३च्या दूरसंचार कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर दिसतं आणि आपला नसलेला नंबर तिथूनच कळवता येतो. मी आण्णांचं बघितलं, आईचं बघितलं. आईच्या नावावर तीन निघाले. तिच्याकडे फोन एकच आहे.

पण त्याच दहा आकडी नंबरात चोराची अडचणही आहे, आणि तीच मला लोकांपर्यंत पोचवायची आहे. बँक असो, वीज कंपनी असो की सरकारी खातं, त्यांना लोकांना मेसेज पाठवायचे तर दूरसंचार नियामकाच्या २०१८च्या नियमांनुसार आपलं नाव नोंदवून घ्यावं लागतं. मग मेसेजच्या वर मोबाइल नंबर न येता ते नाव येतं. महावितरणच्या मेसेजवर व्हीएम, व्हीके, एएम किंवा जेएम अशी दोन अक्षरं, मग आडवी रेघ आणि पुढे एमएसईडीसीएल असं असतं. २०२५पासून त्याच्याही शेवटी एक अक्षर लागायला लागलं आहे: सेवेच्या मेसेजला एस, व्यवहाराच्या मेसेजला टी, सरकारीला जी, जाहिरातीला पी. हे नाव चोराला सहजासहजी मिळत नाही, म्हणून तो बाजारातल्या सिमवर येतो. जिथे नाव असायला हवं तिथे दहा आकडे दिसले, तर मेसेजात काय लिहिलंय ते वाचायच्या आधीच अर्धं उत्तर मिळालेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर गोल चौकटीत कंपनीचं चिन्ह दिसलं तरी ते धरू नये, ते चित्र कोणीही लावू शकतो. फोन करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या अ‍ॅपवर ‘बिजली अधिकारी’ आलं तरी तेच, कारण तिथलं नाव लोकांनीच भरलेलं असतं, आणि त्या लोकांत चोरही असतात.

दुसरी खूण तुमच्या आतल्या कामाची आहे. तुमच्या खऱ्या मेसेजात बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. आण्णांच्या त्या मेसेजात नुसतं ‘डिअर कन्झ्युमर’ होतं. चोराला आण्णा कोण ते माहीतच नव्हतं. त्यानं हजारो नंबरांवर एकच मेसेज सोडला होता. कुणाची गिरणी, कुणाच्या घरी आजारी माणूस, कुणाच्या पोराची परीक्षा, ते ज्याचं त्यानं मनात भरून घेतलं.

आणि तिसरी खूण सगळ्यात मोठी. ती तुम्हाला इतकी सरावाची आहे की तिचं महत्त्व तुमच्या लक्षातही येत नसेल. रात्री साडेनऊ वाजता तुम्ही कधी कुणाची लाईट तोडायला खांबावर चढता का? इतक्या वर्षांत रात्री खांबावर चढलेला वायरमन मी जेव्हा जेव्हा पाहिला, तो लाईट जोडण्यासाठी चढलेला होता. वळवाच्या पावसात, झाड पडल्यावर, जंप तुटल्यावर. कायदाही तेच सांगतो. २००३च्या विद्युत कायद्याच्या कलम ५६प्रमाणे बिल थकलं तरी लेखी नोटीस देऊन पूर्ण पंधरा दिवस थांबावं लागतं, मगच पुरवठा तोडता येतो. सहाला मेसेज आणि साडेनऊला अंधार, असं कुठल्याच कागदात बसत नाही. आण्णांना एवढं एक माहीत असतं तर? आम्ही त्यांना ते कधी सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते.

चोर आता वीजबिलावर थांबलेला नाही. आमच्या गावात गेल्या वर्षी वाहनाच्या दंडाचं चलन म्हणून एक फाइल फिरली. शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरं होती. ती ओळखीच्याच नंबरांवरून येत होती, चुलत्याच्या, दूधवाल्याच्या, सोसायटीच्या सचिवाच्या. ज्यानं फाइल उघडली त्याचा फोन चोराच्या ताब्यात गेला आणि त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना तीच फाइल आपोआप गेली. लग्नपत्रिका म्हणून, किसान योजनेचा हप्ता म्हणून अशाच फाइली येतात. म्हणजे आता ‘अनोळखी नंबरापासून जपा’ एवढं सांगूनही पुरत नाही. कुणी एपीके पाठवली, मग तो सख्खा भाऊ असला, तरी आधी त्याला फोन करून विचारावं लागतं. आणखी एक प्रकार: ‘तुमच्या खात्यात २५,००० जमा’ असा मेसेज दहा आकडी नंबरावरून येतो आणि पाठोपाठ रडवेला फोन, की दवाखान्याचे पैसे चुकून तुमच्याकडे आले, परत करा. इथे मेसेज न बघता खात्यातली शिल्लक बघायची, बस्स.

२०२४ या एका वर्षात सायबर चोरांनी देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये नेले, असं केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं. आदल्या वर्षी तोच आकडा ७,४६५ कोटी होता. मला एवढे मोठे आकडे डोळ्यांसमोर आणता येत नाहीत. मला आण्णांचे ५४,४९८ दिसतात. दळण किलोमागे काही रुपयांवर होतं. तेवढे पैसे मिळवायला किती पोती दळावी लागतात याचा हिशोब आईनं एकदा मांडायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

त्यातले ९,५०० मात्र वाचवता आले असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकानं स्वतःच्या हातानं कार्डाची माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्या रात्री बँकेला फोन गेला असता तर सकाळचे साडेनऊ हजार आण्णांच्या अंगावर आले नसते. आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर पहिल्या तासाभरात कळवलं असतं, तर पहिल्या तीन रकमाही वाटेत कुठेतरी अडवता येण्याची शक्यता होती. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला लगेच कळवलं जातं आणि खात्यात शिल्लक असेल तेवढी रक्कम गोठवता येते. चोर म्हणूनच घाई करतो, तासाभरात चार-पाच खात्यांतून पैसे फिरवून एटीएममधून काढतो. आण्णांचे पाच दिवस ज्यात गेले ती लाज होती. गिरणीत रोज पन्नास माणसं येतात. ‘आण्णा फसले’ ही गोष्ट पिठाच्या डब्यासोबत घरोघर जाईल, याची त्यांना धास्ती वाटली.

म्हणून तुमच्याकडे माझं पहिलं मागणं या लाजेबद्दल आहे. गावात कुणाला असा मेसेज आला तर तो माणूस आधी तुम्हाला विचारेल, कारण मेसेज लाईटचा आहे. फसल्यावर सांगायलाही आला तरी बहुधा तुमच्याकडेच येईल. त्या वेळी ‘असं कसं केलंत?’ हे तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. मी ते म्हणून बसले आहे, त्याचा काय परिणाम होतो ते मला माहीत आहे. त्याला आधी १९३० लावून द्या, तुमच्याच फोनवरून. मग बँक. त्याला सांगा, मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे. आणि मेसेज नुसता आला असेल, पैसे गेले नसतील, तरी तो ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’मध्ये कळवता येतो. ज्याला जमत नाही त्याला तुम्ही दोन मिनिटांत करून द्याल. तुमच्यातली तरुण मुलं-मुली फोनवर किती चपळ आहेत ते मी पाहिलंय.

दुसरं असं. तुम्ही रीडिंगच्या, मीटरच्या, फ्यूजच्या निमित्तानं दारात येता तेव्हा आम्ही चहा विचारतो आणि तुम्ही बहुतेक वेळा नको म्हणता. आता त्या अर्ध्या मिनिटात एवढं सांगून जा: लाईट तोडायची असेल तर आधी लेखी नोटीस येते, मेसेजात ग्राहक क्रमांक असतो, आणि बिलासाठी आम्ही कुणाला अ‍ॅप घ्यायला किंवा लिंक उघडायला फोनवरून सांगत नाही. शंका आली तर १९१२, नाहीतर १८००-२१२-३४३५. हे टीव्हीवर सांगतात, वर्तमानपत्रात छापून येतं, मध्यंतरी कॉलर ट्यूनवरही सावध राहायला सांगायचे. आण्णांनी ती कॉलर ट्यून शंभर वेळा ऐकली असेल. पण गिरणीच्या घरघरीत ती कानावरून गेली. तुम्ही डोळ्यात बघून सांगितलेलं राहील. तुमच्या शब्दाला गावात जे वजन आहे ते जाहिरातीला नाही.

आणि तिसरं मागणं या पत्राच्या शीर्षकात आहे. नवीन गावात बदली झाली की फोन करून ‘माझा नंबर सेव्ह करा’ म्हणू नका. जमेल तेव्हा, जमेल त्या घरी, मीटरच्या पेटीशेजारी भिंतीवर तुमचं नाव आणि नंबर तुमच्या हातानं लिहून जा. सगळ्या घरी जाणं होणार नाही हे मला कळतं. एकेकाकडे तीन-तीन गावं, शेकडो कनेक्शन आणि वर पावसाळा. पण गिरणी, दूध डेअरी, पाणीपुरवठ्याची विहीर, ग्रामपंचायतीची भिंत, शाळा, एवढ्या ठिकाणी लिहिलंत तरी गावाला पुरेल. मागच्या वायरमननं नवीन वायरमनला एकदा बरोबर घेऊन गावातून फिरवलं तर फारच उत्तम. मग नंबर तोंड बघून येईल आणि जो फोनवरून येईल तो भिंतीशी ताडून बघता येईल. त्या संध्याकाळी आण्णांनी पावती काढली ती तार ज्या भिंतीवर आहे, त्याच भिंतीवर मीटर आहे. दोन्हींत हातभर अंतर आहे. तिथे तुमचा नंबर असता तर त्यांनी तो लावला असता, एवढं मी त्यांना ओळखते.

आण्णा आता बाहत्तरचे आहेत. त्या दिवाळीनंतर कित्येक महिने ते फोन वाजला की आईकडे, आणि मी असले तर माझ्याकडे द्यायचे. आता पुन्हा स्वतः घेतात. दळणाला येणाऱ्या बायकांना हल्ली ते स्वतःहून सगळं सांगतात, रकमेसकट. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा रांगेतल्या एकीनं डबा खाली ठेवला आणि म्हणाली, ‘आमच्या घरीबी गेलेत, आण्णा. कुणाला सांगितलं न्हाई.’ त्या दिवसापासून आणखी तिघींनी सांगितलं.

तुमच्यातला जो कुणी आमच्या गावाला आत्ता आहे, त्याच्यासाठी एक निरोप. मीटरच्या पेटीच्या उजव्या बाजूला आण्णांनी पाटीएवढा चौकोन चुन्यानं पांढरा करून ठेवलाय. मार्कर दोऱ्यानं खिळ्याला बांधलेला आहे. दुपारी दोन ते चार गिरणी बंद असते, तेव्हा आलात तर बसून बोलता येईल.

आपली,
एका गिरणीवाल्याची मुलगी